मी न लिहिलेला माणूस

१

संध्याकाळी पतसंस्थेतून घरी आले की मी आधी चहा टाकते आणि मग मोबाइलवर प्रतिक्रिया वाचते. आम्ही सीमाभागातल्या वडगावात राहतो. पुढच्या शेडमध्ये आमचे चार यंत्रमाग आहेत आणि ते माझा धाकटा भाऊ किशन चालवतो. आईवडील गेले, माझं लग्न जमलं नाही, त्याच्यासाठी मुली बघणं चालू आहे. घरात आम्ही दोघंच. लहानपणापासून मागांच्या खडखडाटात राहून त्याला ऐकू कमी येतं, म्हणून चहाच्या वेळी मी त्याच्या कानाशी ओरडून प्रतिक्रिया वाचते आणि तो नको तिथं हसतो.

प्रतिक्रिया कशावर, ते सांगायला हवं. आम्ही शाळेत असताना टीव्हीवर 'लोहपंख' नावाची मालिका लागायची. लोखंडी पंखांचा माणूस एका निनावी शहरावर उडायचा आणि संकटातल्या लोकांना वाचवायचा. मालिका मध्येच बंद पडली. ज्यांना ती विसरता आली नाही अशा आमच्यासारख्या रिकामटेकड्यांनी एका अ‍ॅपवर लोहपंखाच्या नव्या गोष्टी लिहायला घेतल्या. मी त्याला वडगावात आणला. माझा लोहपंख दिवसा राघू नावाचा विणकर असतो, साड्या विणतो, आणि कुणी अडचणीत सापडलं की पंख लावतो. राघू म्हणजे सरळ सरळ किशनच. तसाच बारीक, तसाच खांदे पाडून मागापाशी उभा राहणारा. लोहपंखाला साड्या विणायला लावलं म्हणून एकाने माझी लाज काढली होती. त्याला मी एकदा साडी विणून बघ म्हटलं, उडणं सोपं वाटेल. मला टीका सहन होत नाही हे मला माहीत आहे, पण तरी सगळ्या टीका मी वाचते.

त्या दिवशी खानापूरच्या पूर्णिमाची प्रतिक्रिया आली होती. ही नर्स आहे, माझा प्रत्येक भाग वाचते आणि प्रत्येक भागाला 'भारी' म्हणते. या वेळी तिने लिहिलं होतं, 'आक्का, शेडच्या दारात उभा राहून राघूकडं बघणारा तो माणूस लई भारी घेतलायसा. अंगावर काटा आला.'

मी किशनला ते वाचून दाखवलं नाही, कारण मी असा कुठलाच माणूस लिहिला नव्हता.

२

पूर्णिमाने दुसऱ्या कुणाची गोष्ट वाचली असेल आणि प्रतिक्रिया माझ्याकडे टाकली असेल, असं मी धरून चालले. ड्यूटीवर मधेच वाचणाऱ्या माणसांचा असा घोळ होतो. मी तसं तिला गोडीत कळवलं. तिने हसण्याची चित्रं पाठवली आणि लिहिलं, 'आक्का, स्वतःच लिहून विसरता व्हय?'

पुढच्या भागावर जोतिबाची प्रतिक्रिया आली. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला असलेला हा माणूस. चुका काढल्याशिवाय याला घास गिळत नसावा. लोहपंखाच्या पंखांचं वजन मी एका भागात बदललं होतं ते त्याने धरलं होतं, राघूच्या घरचं तुळशीवृंदावन डावीकडून उजवीकडे गेलं तेही. मी त्याच्यावर जळफळायची, पण त्याची एकही चूक खोटी निघत नसे. त्याने लिहिलं होतं, 'मागच्या भागात तो मानूस दारात होता. ह्या भागात एकदम सूत ठेवायच्या रॅकपाशी. मधी आत कवा आला ते लिवायचं ऱ्हायलंय तुमचं.'

मी दोन्ही भाग उघडले आणि ओळ न ओळ वाचली. राघू होता, माग होते, दिवा लुकलुकत होता. दारात कुणी नव्हतं, रॅकपाशीही नव्हतं. अ‍ॅपवर कुणी माझं खातं उघडून बदल करत असेल म्हणून पासवर्ड बदलला. दोघांनी ठरवून माझी फिरकी घेतली असेल असंही वाटलं, पण हे दोघं एकमेकांना ओळखत नाहीत आणि जोतिबाला गंमत म्हणजे काय हे कुणी शिकवलेलं दिसत नव्हतं.

मग आणखी प्रतिक्रिया आल्या. कधी काही न लिहिणारे लोकही बोलू लागले. कुणाला तो माणूस आवडला, कुणाला भीती वाटली. एका मुलीने विचारलं होतं की तो लोहपंखाचा शत्रू आहे का मित्र. वाचकसंख्या कधी नव्हे इतकी वाढली. खोटं कशाला बोलू, मला जरा बरंही वाटलं. पण त्यानंतर शेडमध्ये गेले की माझी नजर आधी सुताच्या रॅककडे जायला लागली. तिथं सूतच असायचं.

३

मी एक युक्ती केली. पुढचा भाग अख्खा बाहेरच घडवला. महामार्गावर पेट घेतलेला टँकर, दुपारचं ऊन, वरून झेप घेणारा लोहपंख. शेडचं नाव काढलं नाही, राघूचंही नाही. आता कुठून आणता माणूस, असं मनात म्हणत मी तो भाग टाकला.

पूर्णिमाने लिहिलं, 'टँकरचं ठीक आहे, पण मधे शेडमधला तो तुकडा आहे ना, तिथं श्वास अडकला. दोन नंबरच्या मागापर्यंत आला की तो.'

आमच्याकडे दोन नंबरच्या मागापाशीच किशन जास्त वेळ उभा असतो. तो माग जुना आहे, धागा वारंवार तुटतो, त्याच्याकडे सारखं बघावं लागतं. हे मी कुठल्याही भागात लिहिलेलं नव्हतं. मागांना नंबर असतात हेसुद्धा नाही.

मला भीती वाटली ती तेव्हा. आजवर जे चाललं होतं ते माझ्या लिखाणात चाललं होतं, ते आता घरात आलं. मी मोबाइल ठेवून शेडमध्ये गेले. किशन मान खाली घालून दोन नंबरवर धागा जोडत होता. त्याच्या मागे जेमतेम एक माणूस उभा राहील इतकी जागा आहे आणि ती मोकळी होती. मी तिथं जाऊन उभी राहिले नाही, एवढं मात्र खरं.

अ‍ॅपवरून नंबर मागून घेऊन जोतिबाला मी फोन लावला. नेमकं काय लिहिलंय ते वाचून दाखवा म्हटलं. तो म्हणाला, फोनवरच वाचत असतो, मग बोलू कसा, समोर आलात तर दाखवतो. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि निपाणीची बस धरली. किशनला सांगितलं, ऑफिसच्या कामाला चालले आहे, संध्याकाळी येईन. त्याला अर्धंच ऐकू गेलं असावं, कारण त्याने बरं म्हणून अंगठा दाखवला आणि परत मागाकडे वळला.

४

वखारीत तंबाखूचा वास इतका होता की मी शिंकून बेजार झाले. जोतिबा पन्नाशीचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा, अबोल माणूस निघाला. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि मी इतकी दूर आले म्हणून स्वतःच ओशाळला. मग मोबाइलवर टँकरचा भाग उघडून तो शाळकरी मुलासारखं ओळीखाली बोट ठेवून मोठ्याने वाचू लागला.

शब्द माझेच होते. लोहपंख महामार्गावर उतरला, ड्रायव्हरला बाहेर ओढलं, परिच्छेद संपला. दोन परिच्छेदांच्या मधे एक कोरी जागा होती. तिथं जोतिबाचा आवाज थांबला, पण बोट थांबलं नाही. ते कोऱ्या जागेवरून डावीकडून उजवीकडे, परत डावीकडून उजवीकडे सरकत राहिलं आणि त्याचे ओठ हलत राहिले. बराच वेळ. मग तो पुढच्या परिच्छेदापासून परत मोठ्याने वाचायला लागला.

"मधी थांबलासा कशाला?" मी विचारलं.

"कुठं थांबलो? सगळं वाचलं की."

मी त्याला तेवढंच परत वाचायला सांगितलं. त्याने वाचलं. तोंड उघडत होतं, मिटत होतं, आवाज नव्हता. वजनकाट्यावरचा माणूस आमच्याकडे बघत होता. जोतिबाला स्वतःला काहीच वेगळं वाटलं नव्हतं. त्यात काय आहे ते तुमच्या शब्दांत सांगा, असं मी म्हटलं.

"तुमचाच मानूस. राघूच्या पाठीला येऊन उभारलाय. तोंड तुमी दाखवलंच न्हाईसा, पन अंगावर कापडं राघूचीच हायत. हात उचललाय, खांद्यावर ठेवायच्या बेतात." मग त्याने चष्मा काढून पुसला. "एक चूक सांगू? रागावू नगासा. मागनं कुनी हात ठेवला तर मानूस दचकंल, वळून बघंल. तुमचा राघू वळतच न्हाई. ते काय पटत न्हाई बगा."

ती चूक नव्हती. मागांच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. म्हणून आमच्या शेडमध्ये कुणाला चहाला, जेवायला सोडायचं असलं की मागून जाऊन खांद्यावर हात ठेवतात. हात पडला की माणसाने जागा सोडायची आणि बाहेर पडायचं, वळून बघायचं नाही. नजर फिरली की धागा चुकतो, अशी आमच्या वडिलांची, आप्पांची शिस्त. किशन तर शेडमध्येच वाढलेला. हात कुणाचा हे त्याने कधी बघितलेलं नाही. बघायची गरजच पडली नाही, कारण आप्पा गेल्यापासून तो हात माझाच असायचा.

हे मी जोतिबाला सांगत होते आणि सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं.

"वळत न्हाई म्हंजे? हात ठेवला का त्यानं?"

जोतिबाने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. ओठ हलले. "मगाशी उचललेला होता. आता ठेवलाय की," तो म्हणाला. "राघू उठला. भाईर निघाला."

५

वखारीच्या दारातूनच मी किशनला फोन लावला. शेडमध्ये त्याला फोन ऐकू येत नाही हे माहीत असून लावत राहिले. बसमध्येही लावत राहिले. शेजारच्या बाईने मला कन्नडमध्ये विचारलं, घरी कुणी आजारी आहे का. मी हो म्हटलं.

गल्लीच्या तोंडाशी जयाबाई भेटली. ही आमच्याकडे कांड्या भरायला येते, आडवा धागा गुंडाळलेल्या त्या लहान कांड्या, धोट्यात बसवायच्या. किशन तिला मावशी म्हणतो. मला बघून ती थबकली आणि तू आत्ता कुठून आलीस म्हणाली. मी निपाणीहून म्हटलं.

"मग दुपारी मागावर कोन हुतं गं?" ती म्हणाली. "किशन हात पुसत भाईर आला, ह्या वाटंनं गेला. आत माग चालूच. मी म्हटलं, तू हाईस आत."

मी विचारलं की परत आला का.

"येताना न्हाई दिसला. मी दारातच बसलेली. पन कांड्या घेऊन आत गेलो तर ह्यो मागावर उभा. मागल्या दारानं आला असंल." मग म्हणाली, "मला म्हणतो कसा, जयाबाई, तिथं ठेव. नावानं हाक मारली बग पोरानं."

आमच्या शेडला मागचं दार नाही.

चारही माग चालू होते. किशन दोन नंबरवर पाठमोरा उभा होता. तेच पडलेले खांदे, तोच निळा शर्ट. मी दारात उभी राहिले आणि नाही म्हटलं तरी मला रडू आलं, कारण तो होता. सुखरूप होता. मी स्वतःशीच पुटपुटले, देवा, वाचवलंस. ते मलासुद्धा नीट ऐकू गेलं नाही इतका खडखडाट होता.

"काय म्हनालीस आक्का?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

६

माणूस सारखा आजारी नसतो, कधी त्याचे कान मोकळे होतात. मी डॉक्टरांना विचारलं, तसं होऊ शकतं म्हणाले. जयाबाईला त्याने एकदा नावाने हाक मारली, त्यात काय एवढं. मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पण मी स्वयंपाकघरात उसासा टाकला तरी शेडमधून विचारणा होते, काय झालं आक्का. रात्री तो थकलेला नसतो. दोन नंबरवर धागा तुटत नाही. चहाच्या वेळी त्याच्या कानाशी ओरडावं लागत नाही आणि तो कुठंच हसत नाही. जयाबाईने येणं बंद केलं, गुडघे दुखतात म्हणून.

मी राघूचा नवा भाग लिहिला. लिहायचं काय सुचत नव्हतं, नुसतं जेवण लिहिलं. राघू घरी आहे, बहीण वाढते आहे, दोघं जेवतात. टाकला आणि प्रतिक्रियांची वाट बघत बसले, कधी बघितली नसेल इतकी.

'तो माणूस गेला एकदाचा,' पूर्णिमाने लिहिलं. 'पण आक्का, राघूला बाहेर का ठेवलंय? गल्लीत उभा राहून घराकडं बघतोय बिचारा. आत घ्या की त्याला.'

मी धावत दार उघडलं. गल्ली रिकामी होती. मी तरी म्हटलं, ये रे आत. समोरच्या ओट्यावरची माणसं बघत होती. शेडमध्ये एकेक करून माग बंद झाले, आणि किशनच्या आवाजात कुणीतरी विचारलं की दार का उघडं ठेवलंय.

त्यानंतर मी रोज लिहू लागले. पंख नाहीत, टँकर नाहीत, काही घडतच नाही. राघू घरी येतो, एवढंच परत परत. वाचक सांगायचे तो कुठं आहे. गल्लीच्या तोंडाशी. मग येळ्ळूरच्या रस्त्याला. मग खानापूरच्या वाटेवर, दिवसाढवळ्या चाललाय, कुणी थांबवत नाही. मी स्कूटी घेऊन त्या रस्त्याला गेले आणि किशनच्या नावाने हाका मारल्या. एका ट्रकवाल्याने गाडी हळू केली, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला. मी हमसून हमसून रडले तिथं. माझा भाऊ त्या रस्त्यावर होता आणि मला तो दिसत नव्हता, कारण लिहिणारी मी होते.

आणि वाचक कंटाळले. त्यांचा दोष नाही. तेच तेच किती वाचणार? 'पूर्वीची मजा गेली,' 'लोहपंख कुठाय?' अशा प्रतिक्रिया आल्या, मग त्याही थांबल्या. पूर्णिमाची ड्यूटी बदलली. शेवटी एकटा जोतिबा उरला.

७

त्याला मी फोन केला. भाग वाचा आणि मग मला फोनवर सांगा, असं विनवलं. मी गच्चीवर होते. त्याने वाचून परत फोन करायला बराच वेळ लावला.

"हाय," तो म्हणाला. "पन लई लांब हाय. झाडी लागलीया. पाठमोरा चाललाय."

"हाक मारा त्याला."

"मी कशी हाक मारू, बाई? मी वाचनारा मानूस." त्याचा आवाज दबला होता. आजवर त्याने मला एकदाही विचारलं नव्हतं की हे काय चाललंय. आताही नाही विचारलं. फक्त म्हणाला, "लिवत ऱ्हावा. मी हाय तवर वाचतो. पन डोळ्याचं आपरेशन हाय माझं. पुढं किती दिवस जमंल, सांगता येत न्हाई."

खाली आले तेव्हा किशन स्वयंपाकघरात बसला होता. माझा मोबाइल माझ्याच हातात होता, तरी तो म्हणाला, "मी सगळं वाचलं आक्का. तुझी गोष्ट." माझ्या भावाने आयुष्यात कधी ती वाचली नव्हती. मी ओरडून सांगितलेलंसुद्धा त्याला अर्धंच कळायचं.

मी विचारलं, कशी वाटली.

"चांगली हाय," तो प्रेमाने म्हणाला. "पन आता त्या राघूचं काय काम उरलं न्हाई. संपवून टाक. मी हाय न्हवं?"

मी हो म्हटलं. त्याला ताट वाढलं. रात्री त्याच्या देखत शेवटचा भाग टाकला, राघू मेला म्हणून लिहिलं, आणि तो समाधानाने झोपायला गेला. मी झोपले नाही. पुढच्या खोलीतून त्याच्या श्वासाचा आवाज येत नव्हता.

हे मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. यात लोहपंख नाही. राघूच्या जागी मी मुद्दाम खरी नावं घातली आहेत, म्हणजे वाचणाऱ्याची चूक व्हायला नको. तुम्हाला आवडलं की नाही, भाषा कशी आहे, ते राहू द्या. इथवर वाचलं असेल तर एवढंच कळवा की किशन आता कुठं आहे, आणि अजून चालतो आहे का.